सॅराटोगाचा शेरा

मैत्रिणींनो, 'रेस' हा शब्द आमच्या माहेरी मोठ्यानं उच्चारायची सोय नव्हती. माझे थोरले मामा पुण्याचे. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर आणि हिवाळा लागला की मुंबईला महालक्ष्मीला, असा त्यांचा वर्षाचा दिनक्रम. मामींच्या पाटल्या आधी गेल्या, मग शिलाईचं मशीन गेलं आणि पुढे तेच मशीन सोडवून आणून मामींनी त्यावर आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज शिवून घर चालवलं. मामा वाईट नव्हते हो. आम्हां भाचरांना खांद्यावर घेऊन सारसबागेत नेत. पण त्यांच्या कोटाच्या खिशात कायम एक मळकं पुस्तक असे, आणि त्यात बारीक टाकाने काहीतरी लिहिलेलं असे. त्या पुस्तकात काय असतं, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

ते मला कळलं थेट अमेरिकेत जाऊन.

माझ्या थोरल्या वन्सं न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ राहतात. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात, पण हा भाग त्या शहरापासून दोनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला. झाडी, टेकड्या आणि टुमदार लाकडी घरं. वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी शाळेतून बिनपगारी रजा काढून जुलैअखेर तिकडे गेले. पहिले पंधरा दिवस पोळ्या, पथ्य आणि व्यायाम यांत गेले. वन्सं काठी घेऊन चालू लागल्या, तेव्हा शेजारचे आजोबा विचारायला आले. पोस्टातून निवृत्त झालेले, पंच्याहत्तरीचे गृहस्थ. "पाहुणीला सॅराटोगा दाखवू का?" वन्सं हसत म्हणाल्या, "अगं जा, झरे बघून ये. शिवाय रेस आहेत." माझा चेहरा पडला असणार. पण वन्संचे यजमानही येणार होते, तेव्हा नाही म्हणणं बरं दिसेना. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून मी गाडीत बसले.

सॅराटोगा स्प्रिंग्ज हे ऑल्बनीपासून पन्नासएक किलोमीटरवरचं गाव. नावाप्रमाणेच झऱ्यांचं. जमिनीतून आपोआप वायू मिसळलेलं, फसफसणारं खनिज पाणी वर येतं आणि गावात जागोजागी त्याचे नळ आहेत. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत मंडळी हवापालटाला आणि हे पाणी प्यायला इथे येत. पाहुणे आले की करमणूक हवीच! जॉन मॉरिसी नावाच्या, एकेकाळी मुष्टियुद्ध गाजवलेल्या आणि पुढे जुगाराचे अड्डे चालवणाऱ्या माणसाने १८६३ च्या ऑगस्टमध्ये इथे घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं आणि इकडे शर्यती! पुढच्याच वर्षी, १८६४ साली, सुरू झालेली ट्रॅव्हर्स ही शर्यत आजही इथे धावतात.

मैदानात शिरल्यावर मला आधी वाटलं, आपण चुकून जत्रेत आलो. मोठमोठ्या झाडांखाली लाकडी बाकं-टेबलं, त्यावर चौकटीची कापडं, डबे, थर्मास, रांगणारी पोरं. ही टेबलं धरायला माणसं पहाटेपासून दारात उभी असतात आणि दार उघडलं की पळत सुटतात. अगदी आपल्या एस. टी.त रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं! त्या झाडीतच एक झरा आहे, 'बिग रेड' नावाचा. मी फुकटचं पाणी म्हणून पेला भरून घेतला आणि तोंडात घेताच... सोड्यात मीठ आणि लोखंडाचा गंज एकदम घातल्यासारखी चव! आजोबा गालात हसले. प्रत्येक शर्यतीच्या सतरा मिनिटं आधी इथे हाताने घंटा वाजवतात. ती वाजली की माणसं जेवण सोडून घोडे बघायला उठतात. घोडे लोकांच्या मधूनच जातात. एक तपकिरी घोडी इतक्या जवळून गेली की तिच्या अंगाची ऊब मला लागली. इतकं देखणं, इतकं स्वच्छ जनावर मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मामांना नुसते घोडेच आवडले असते तर किती बरं झालं असतं, असं मनात येऊन गेलं.

आजोबांनी टेबलावर वर्तमानपत्राएवढा एक अंक पसरला आणि पेन्सिलीला टोक केलं. अंकात मुंग्यांसारखे आकडे. "हा काय तुमचा पंचांगाचा प्रकार?" मी विचारलं. मग त्यांनी मला जे शिकवलं, ते थोडक्यात सांगते. कंटाळू नका, यात गंमत आहे.

प्रत्येक घोड्याच्या नावाखाली त्याच्या मागच्या शर्यतींची एकेक ओळ असते. कोणत्या दिवशी, कुठे, किती अंतर, पाठीवर किती वजन, पाव अंतरावर कितवा होता, निम्म्यावर कितवा, शेवटच्या सरळ रस्त्यावर कितवा आणि अखेरीस कितवा, पुढच्यापासून किती 'लांब्या' मागे. घोड्याची एक लांबी म्हणजे साधारण आठ फूट. हा सगळा तक्ता शर्यत चालू असताना माणसं तयार करतात. एकजण दुर्बीण लावून घोड्यांचा क्रम नि अंतरं भराभर सांगतो, दुसरा उतरवून घेतो, मग चित्रफीत पुन्हा पाहून तपासतात. इतक्या वेगवेगळ्या रंगांचे सदरे लक्षात ठेवायचे, तेही दोन मिनिटांच्या आत! शिकागोत १८९४ साली निघालेल्या 'डेली रेसिंग फॉर्म'पासून ही पद्धत तिथे रुजली. हल्ली हे तक्ते 'इक्विबेस' ही संस्था करते.

आणि ओळीच्या अगदी टोकाला दोन-चार शब्द. आजोबांनी तिथे पेन्सिल टेकवली. "सगळे आकडे वाचतात. मी हे वाचतो."

'फोर वाइड'. म्हणजे वळणावर आतल्या बाजूला तीन घोडे होते आणि हा चौथा, बाहेरून धावला. कवायतीत मुलींची रांग वळते, तेव्हा टोकाच्या मुलीला जवळजवळ पळावं लागतं, बघा. तसंच. अर्ध्या गोल वळणावर एका घोड्याएवढं बाहेर राहिलं की साधारण एक लांबी अंतर जास्त पडतं. चौथा असेल तर तीन लांब्या. म्हणजे दोन लांब्यांनी हरलेला हा घोडा खरं तर जिंकणाऱ्यापेक्षा जास्त पळाला!

'स्टेडिड' म्हणजे पुढे वाट नसल्यानं जॉकीला लगाम आवळावा लागला. 'चेक्ड' म्हणजे तेच, पण जोरात. 'बम्प्ड' म्हणजे धक्का लागला. 'वीकन्ड' म्हणजे शेवटी दम संपला. 'नो फॅक्टर' म्हणजे होता की नव्हता, कुणाला कळलंही नाही. जिंकलेल्यांचेही शेरे असतात. 'ड्रायव्हिंग' म्हणजे जॉकीने जिवाचा आटापिटा केला तेव्हा कुठे जिंकला, आणि 'हँडिली' म्हणजे हसतखेळत. दोघांच्याही नावापुढे आकडा एकच, पहिला.

शेरे! मैत्रिणींनो, मला एकदम आमची प्रगतिपुस्तकं आठवली. वर्षातून दोनदा मी साठ-साठ पुस्तकांत शेरे लिहिते. 'प्रगती समाधानकारक', 'अक्षर सुधारावे', 'लक्ष द्यावे'. पाचवीतल्या एका मुलीच्या पुस्तकात मी लागोपाठ दोनदा लिहिलं होतं, 'वर्गात उशिरा येते, लक्ष नसते'. तिची आई पहाटे कामाला जाते, ही मुलगी नळावरचं पाणी भरते, धाकट्या भावाला अंगणवाडीत पोचवते आणि मग शाळेत धावत येते, हे मला दुसऱ्या शिक्षिकेकडून नंतर कळलं. घोड्याला तीन लांब्या जास्त पडल्या तर ते लिहून ठेवायला इथे दुर्बीण लावून माणूस बसवलेला आहे. मी मात्र फक्त 'कितवी आली' एवढंच बघत होते. भर गर्दीत माझ्या घशात आवंढा आला. आजोबांना वाटलं, झऱ्याचं पाणी बाधलं.

त्यांनी मग १९१९ सालची गोष्ट सांगितली. 'मॅन ओ' वॉर' नावाचा घोडा. आयुष्यात एकवीस शर्यती धावला आणि त्यांतली एकच हरला, ती याच मैदानावर, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. हरवणाऱ्या घोड्याचं नाव 'अपसेट'! तेव्हा शर्यत सोडायला आतासारखे लोखंडी खण नव्हते, नुसती आडवी पट्टी वर उडायची. मॅन ओ' वॉरची सुरुवात वाईट झाली, पुढे तो घोड्यांच्या घोळक्यात अडकला, शिवाय त्याच्या पाठीवर १३० पौंड आणि अपसेटच्या पाठीवर ११५. तरीही थोडक्यात गेला. नुसता आकडा वाचणारा म्हणेल, दुसरा आला. पण घडलं काय ते वाचणाऱ्याने घोडा बदलला नसता. त्याच महिन्यात इथेच त्याने अपसेटला हरवलं आणि १९२० च्या ट्रॅव्हर्समध्ये पुन्हा. या मैदानाला 'लाडक्यांचं स्मशान' म्हणतात, कारण १९३० साली गॅलंट फॉक्स आणि १९७३ साली सेक्रेटॅरिएट असे नावाजलेले घोडे इथे हरले. सेक्रेटॅरिएट तर 'अनियन' नावाच्या घोड्याकडून. कांद्याकडून! आपल्याला कांद्याची ताकद ठाऊक आहे म्हणा.

अशा तऱ्हेनं मागचं वाचून पुढचा अंदाज बांधण्याला तिथे 'हँडिकॅपिंग' म्हणतात. तुल्यबळ करण्यासाठी चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, त्यालाही हँडिकॅपच म्हणतात. पण हा पैसे लावणाऱ्यांचा, कागद-पेन्सिलीचा.

"चल, तू एक शोध," आजोबा म्हणाले. परीक्षेला बसल्यासारखी मी अर्धा तास त्या ओळींत डोकं घातलं. हिरवळीवरच्या शर्यतीत सात नंबरची एक घोडी होती. मागच्या वेळी चौथी आलेली, दोनच लांब्यांनी. टोकाचा शेरा असा, की वळणावर आतल्या कुंपणाशी अडकली, लगाम आवळावा लागला, मग वाट मिळताच जोरात आली. या खेपेला तिला बाहेरची जागा मिळाली होती, म्हणजे पुन्हा कोंडी व्हायची शक्यता कमी. फलकावर तिचा भाव एकास आठ. आजोबांनी मान डोलावली आणि दोन डॉलर लावायला उठले. "तुझे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको. मामींच्या पाटल्या माझ्या डोळ्यांपुढे होत्या.

ती जिंकली. शेवटच्या सरळ रस्त्यावर बाहेरून अशी आली, की मी बाकावर उभी राहून मराठीत ओरडत होते. आजोबांना दोन डॉलरचे अठरा डॉलर आणि वर काही सेंट मिळाले.

आता खरं सांगते. पुढचा अर्धा तास मी दुसरं काही ऐकलं नाही. वीस लावले असते तर? पन्नास लावले असते तर? डॉलरचे रुपये करून झाले. वन्संच्या नातीला चांदीची वाटी, सासूबाईंना शाल, शाळेच्या रजेचा कापलेला पगार, सगळं त्या न लावलेल्या पैशांतून भागवून झालं. माझे हात गार पडले होते. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला मामा दिसले. हावरे नव्हेत, शहाणे मामा. आपल्याला जगापेक्षा एक गोष्ट जास्त कळली आहे, अशी खात्री पटलेले.

आठ घोड्यांच्या पुढच्या शर्यतीत मी स्वतः उठून दोन डॉलर लावले. विचारलंही नाही. माझ्या घोड्याच्या मागच्या तीनही ओळींच्या टोकाला होतं, सुरुवातीला धक्का लागला. तीनदा बिचाऱ्यावर अन्याय! आजोबांनी तिकीट पाहिलं आणि डोकं खाजवलं. "एकदा धक्का लागला तर नशीब. तीनदा लागला तर बघायचं, की हा सुटतानाच वाकडा तर पडत नाही ना. आणि धक्का कधी लागला, तेही बघायचं. आधीच दमून मागे पडत असलेल्या घोड्याची वाट अडली, तर ती सबब नव्हे." मग बरंच काही बोलले. शेरा लिहिणाऱ्याच्याही नजरेतून गोष्टी सुटतात. आणि मुख्य म्हणजे तो शेरा मैदानातल्या सगळ्यांनी वाचलेला असतो. चांगल्या सबबीचा घोडा दिसला की त्याच्यावर पैसे पडतात आणि भाव उतरतो. कारण इथे भाव कुणी ठरवत नाही, लोकांनी लावलेल्या पैशांतूनच तो निघतो. त्याआधी जिंकण्यावर लावलेल्या शंभरातले सोळा डॉलर कापून घेतात, आणि घोडे जोडून लावायच्या काही प्रकारांत तर त्याहूनही जास्त. सगळ्यांचा लाडका घोडासुद्धा तीन शर्यतींत साधारण एकदाच जिंकतो. "मी पन्नास वर्षं येतोय," ते म्हणाले, "दोन डॉलरच्या वर कधी गेलो नाही. वर्षाअखेर हिशेब केला तर मी हरलेलाच असतो. सिनेमापेक्षा स्वस्त पडतं, एवढंच."

हे माझ्या मामांना कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं असेल. मामींनी रोज सांगितलं असेल. पण त्यांच्या पुस्तकात प्रत्येक हरलेल्या घोड्यासमोर काही ना काही सबब लिहिलेली असणार, आणि पुढच्या खेपेला तोच घोडा जिंकणार असणार. बारीक टाकाने लिहिलेलं ते काय होतं, हे मला त्या बाकावर बसल्या बसल्या उमगलं.

माझा घोडा आठांत सहावा आला. या वेळी कुणी धक्का दिला नव्हता. तो आपणहूनच मागे राहिला.

तुमच्यापैकी कुणाची लेक-सून त्या भागात असेल आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाणं झालंच, तर सॅराटोगा जरूर बघा. मैदानासमोर रेसचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, ते थंडगार आणि निवांत आहे. मैदानाच्या मधोमध तळ्यात एक होडी ठेवलेली असते. ट्रॅव्हर्स जिंकणाऱ्या घोड्याच्या मालकाच्या रंगांत ती दर वर्षी रंगवतात. डबा घरून न्या, तिथलं खाणं महाग. पायांत सपाट चपला हव्यात. बायका फुलांच्या मोठाल्या टोप्या घालून येतात, ती मौज फुकट. झऱ्याचं पाणी मात्र आधी घोटभरच घ्या. आणि खिडकीशी जायचंच असेल, तर पर्स यजमानांकडे देऊन, हातात दोनच डॉलर घेऊन जा. नवरा रेसचा शौकीन असेल तर पर्स बहिणीकडे द्या.

संध्याकाळी आजोबा त्या दिवसाचे तक्ते छापून घेऊन आले. सात नंबरच्या घोडीपुढे लिहिलं होतं, बाहेरून आली, शेवटी जॉकीला जोर लावावा लागला. माझ्या घोड्यापुढे, 'ऑफ स्लो, नो फॅक्टर'. वन्सं पाय वर घेऊन बसल्या होत्या, त्या इतक्या हसल्या की त्यांचं गुडघं दुखायला लागलं. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

परत आल्यावर पुण्याला मामींना भेटायला गेले. मामा जाऊन आता नऊ वर्षं झाली. मशीन अजून खिडकीशीच आहे, पण आता मामी फक्त उशांचे अभ्रे शिवतात. मी झऱ्यांचं सांगितलं, कांद्याच्या नावाच्या घोड्याचं सांगितलं. मामी दोरा ओवता ओवता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "घोडे छान असतात गं. मला एकदा नेलं होतं त्यांनी. लग्नाच्या पहिल्या वर्षी." आणि थोड्या वेळाने, "तू काही लावलंबिवलं नाहीस ना?"

मी नाही म्हणून सांगितलं. तो घडी केलेला कागद तेव्हा पर्समध्येच होता.